झोळीपाशी कोण बसन?

धुरपताबाईला एक अक्षर ओळखता येत नव्हतं, पण तिने ध्यास घेतला होता तो चौथीचा. आपली सुंदर चौथी पास झाली पाहिजे. शिरपूरच्या बाजारात वांगी घेता घेता ती आवडाबाई माळणीला सांगायची, "यंदा आमची चौथी सुटते पाय." जणू पाटी घेऊन तीच बसणार होती. आवडाबाई हसायची, आणि वजनाच्या वर एक वांगं टाकायची. हसण्यात वाईट काही नव्हतं. अंगात आरसे लावलेली काचळी-चोळी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, अशी तांड्यावरची लमाण बाई चौथीची गोष्ट करते म्हटल्यावर सारा बाजारच हसायचा.

चौथीच का? तर वाशीमच्या बाजूला कुठेतरी एका चौथी शिकलेल्या पोरीला शाळेत बाई म्हणून घेतलं, असं धुरपताने ऐकलं होतं. खरं-खोटं देव जाणे. पण ती बाई खुर्चीवर बसते, डोक्यावर छप्पर असतं आणि महिन्याच्या महिन्याला पगार येतो, हे ऐकून धुरपताच्या डोक्यात ते जे बसलं ते बसलंच. तिचा स्वतःचा जन्म उन्हात गेला होता. आईचाही, आजीचाही. "पोरीनं सावलीत बसून खावं," एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते फार मोठं होतं असं मला तरी वाटत नाही.

शिरपूरच्या शाळेत मारोतराव गुरुजी होते. माणूस देवासारखा. वरून हुकूम आला म्हणून का होईना, ते नाला ओलांडून तांड्यावर आले होते आणि हाताला लागली तेवढी पोरं घेऊन गेले होते. शाळेत त्यांनी कोणाला वेगळं बसवलं नाही. लमाणाची सुंदर आणि माळ्याची जिजा, म्हणजे आवडाबाईची लेक, एकाच सतरंजीवर बसायच्या आणि एकाच दोरीवर उड्या मारायच्या. गुरुजी अभिमानाने म्हणायचे, "आमच्या शाळेत सगळे सारखे." खोटं बोलत नव्हते. शाळा दोघींना सारखीच होती. सारखं नव्हतं ते शाळेच्या बाहेरचं.

जिजाचा मळा शाळेच्या पाठीशी. घंटा झाली की हातातली भाकर संपवून ती वर्गात हजर. पुस्तकात जे शब्द होते जवळपास त्याच शब्दांत तिला आई रागवायची आणि आजी गोष्टी सांगायची. सुंदरच्या घरी आईला याडी म्हणत. पुस्तक म्हणे आई. तांड्याची बोलीच निराळी, गोरमाटी. (इथे मी तांड्याचं बोलणं वऱ्हाडीतच सांगतो आहे, नाहीतर तुम्हीही सुंदरसारखे पहिलं वर्षभर तोंड मिटून बसाल.) ती खरोखर वर्षभर तोंड मिटून बसली. गुरुजींनाही वाटलं, पोर मंद दिसते. दुसऱ्या वर्षी एके दिवशी तिने तोंड उघडलं ते उघडलंच. गणितात तर ती जिजाच्या पुढे गेली. गुरुजी स्वतःशीच हसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, कुठे होतीस इतके दिवस?"

कुठे असणार? दिवाळी झाली की तांडा कामाला निघे. त्या सालांत हिंगोलीकडून वाशीमवरून अकोल्याकडे रेल्वेचा नवा रस्ता पडत होता, आणि जऊळक्याच्या बाजूला मातीकाम जोरात होतं. पुरुष खोदायचे, बाया टोपल्यांनी भरावावर माती टाकायच्या. जिजाही काही बसून खात नव्हती. शाळा सुटली की वाफ्यांना पाणी वळवायची, मेथीच्या जुड्या बांधायची. पण मळा शाळेला सोडून कुठे जात नव्हता. तांडा जात होता. उन्हाळ्यात परत येईपर्यंत सुंदरची पाटी कोरी होऊन जायची. तिसरी तिने दोनदा केली ती डोकं नव्हतं म्हणून नव्हे.

आणि कामावर तिलाही काम होतंच. धुरपताला उशिरा एक मुलगा झाला होता, देवला. कामावर आल्यावर बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधायची आणि लेकराला त्यात टाकायचं. पण बाभळीची सावली ती काय? विरळ, आणि एका जागी थांबत नाही. सूर्य फिरला की झोळी सोडून दुसऱ्या फांदीला बांधावी लागते, तिथून तिसऱ्या. आईला टोपल्यांची रांग सोडता येत नाही. म्हणून ज्या घरात पाळण्यातलं लेकरू आहे त्या घरातली मोठी पोर झोळीपाशी ठेवायची, ही तांड्याची वहिवाट. गेल्या साली, देवला अगदी तान्हा असताना, सुंदरने ते केलं होतं. देवलाला झोका देता देता ती जमिनीवर काडीने बेरजा करायची, आणि सावली सरकली की बेरीज तशीच टाकून उठायची.

ह्या साली सुंदर चौथीत होती. परीक्षा चैत्रात, शिरपुरातच, पण कागद तपासायला वाशीमचे साहेब यायचे होते. गुरुजी पुन्हा तांड्यावर आले. "बाई, यंदा पोरीला नेऊ नका," ते म्हणाले. "नेलीत तर माझ्या हातात काही राहणार नाही."

धुरपताच्या नवऱ्याचं नाव हरिसिंग. गुरुजींची पाठ वळल्यावर त्याने एकच गोष्ट विचारली.

"झोळीपाशी कोण बसन?"

"मी पाहीन."

"तू टोपलं वायशीन का झोळी पायशीन?"

"दोन्ही पाहीन. मले काय डोये नाईत?"

"डोये हायेत, पण हात दोनच हायेत," हरिसिंग म्हणाला. पण तो अडून बसला नाही. त्यालाही मनातून पोरीचं कौतुक होतं. तो फक्त तोंडाने कबूल करत नव्हता.

तांड्यावर म्हातारी माणसं मागे राहायची. हरिसिंगची विधवा बहीण मोतीबाई गुडघ्यांमुळे कामाला जात नसे. सुंदरला तिच्यापाशी ठेवायचं ठरलं. निघायच्या दिवशी सुंदरने देवलाला कडेवरून सोडलं नाही. गाड्या जुंपल्यावर तिने त्याला आईच्या हाती दिलं आणि मोठ्या बाईसारखी म्हणाली, "याडी, ऊन फिरलं का झोळी फिरवजो. तो लवकर रडत नाई, तुले समजणार नाई."

"मले शिकवू नको. माहं लेकरू हाय ते."

"अन् परीक्षेच्या दिवशी येजो."

"येईन. तुयी शपथ, येईन."

महिनोन् महिने धुरपताने ते निभावलं. टोपलं रिकामं करून येताना वाकडी वाट करायची, झोळी हलवायची, पुन्हा रांगेत घुसायची. मुकादम लखीराम ओरडायचा, ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. थंडीचे दिवस होते तोवर ते चाललं. मग फाल्गुन संपला आणि वऱ्हाडातलं ऊन सुरू झालं. ते ऊन ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही.

त्या दिवशी रेल्वेचा मोठा साहेब भराव पाहायला येणार होता. लखीरामने सकाळीच बजावलं, साहेब येऊन जाईपर्यंत रांग मोडायची नाही, माती पडत राहिली पाहिजे. साहेब सकाळी येणार होता, तो आला कलत्या दुपारी. भरावावरून धुरपताला झोळी दिसत होती. एका फेरीला ती सावलीत होती. पुढच्या एका फेरीला तिच्या काठाला ऊन लागलेलं दिसलं. ती लखीरामला म्हणाली, "दादा, जरासा जाऊन येतो. लेकराले ऊन लागून राह्यलं."

"थांब वो. तो पाय धुरळा, गाडी येऊनच राह्यली."

आणि धुरपता थांबली. टोपलं फेकून देऊन पळता आलं असतं. लखीराम काही वाघ नव्हता. फार तर त्या दिवसाची मजुरी कापली असती. पण जन्मभर रांगेत चाललेल्या बाईचे पाय एकदम रांगेबाहेर पडत नाहीत. धुरळा दुसऱ्याच गाडीचा निघाला. साहेब येऊन गेल्यावर ती धावली तेव्हा देवला झोळीत गप्प पडला होता. अंग भाजत होतं. ओठ सुकले होते. तो रडलाच नव्हता. ओलं फडकं केलं, कांद्याचा रस चोळला, हरिसिंग मोटर थांबवायला सडकेवर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता लेकरू गेलं. भरावाच्या पलीकडे खड्डा केला आणि लगेच काम सुरू झालं. रेल्वे थांबत नसते.

सुंदरची परीक्षा तोंडावर आली होती. हरिसिंग म्हणाला, "पोरीले आत्ता सांगू नको. कागद लिहून होऊ दे." धुरपताला ते पटलं. एक तर गेलंच होतं. निदान ज्याच्यासाठी गेलं ते तरी हातून जाऊ नये. पण परीक्षेच्या दिवशी येते म्हणून तिने शपथ खाल्ली होती. गेली नाही तर पोर काय ते ओळखणार. म्हणून ती एकटीच निघाली, काही मोटरीने, काही पायी, आणि वाटभर एकच गोष्ट घोकत राहिली. देवला बापापाशी आहे. बरा आहे. दात येऊन राह्यले. रडायचं नाही. परीक्षा संपेपर्यंत डोळ्याला पाणी आणायचं नाही.

ती शाळेपाशी पोचली तेव्हा पोरं आत लिहायला बसली होती. खिडक्या उघड्या होत्या. खिडकीतून सुंदरची वेणी दिसली, खाली वाकलेली मान दिसली, भराभर चालणारा हात दिसला. धुरपता लिंबाखाली उभी राहून तो हात पाहत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला थोडं बरं वाटलं.

शाळेच्या ओट्यावर मोतीबाई बसली होती. पोरीला सोडायला ती गुडघे धरत धरत तांड्यावरून आली होती. भावजय दिसली तशी ती उठली आणि तिने दोन्ही हात पसरले.

आता हे सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. लमाण बाया फार दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. नुसतं रडत नाहीत, चालीवर रडतात, आणि त्या रडण्यात मधल्या काळात जे जे घडलं ते सांगतात. कोण आजारी पडलं, कोण मेलं, काय सोसलं. एकीने सांगितलं की दुसरीने उत्तर द्यायचं. गावच्या लोकांना ते सोंग वाटतं. तांड्यात ती रीत आहे, आणि जिच्याशी वैर आहे तिलाच तेवढा गळा देत नाहीत.

धुरपता मागे सरकली. "आत्ता नको, मोतीबाई. मंग भेटू. पोरगी लिहून राह्यली."

मोतीबाईचा चेहराच उतरला. "काहून वो? तुया माह्यावर राग हाय का? तुयी पोरगी मी नीट नाई सांभाळली का?"

"तसं नाई, बाई..."

पण कसं, ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तेवढ्यात म्हातारीने तिच्या गळ्यात हात टाकले आणि सूर लावला. तिने मेलेल्या नवऱ्याला हाक मारली, दुखऱ्या गुडघ्यांचं सांगितलं, रिकाम्या तांड्यात कुत्र्यांशी बोलून काढलेल्या दिवसांचं सांगितलं. मग ती थांबली. आता धुरपताची पाळी होती.

धुरपताने ठरवलं होतं की मातीचं सांगायचं, टोपल्यांचं सांगायचं, मुकादमाचं सांगायचं. त्याच्या पुढे जायचं नाही. तिने सुरुवातही तशीच केली. पण भेटीचं रडणं म्हणजे विहिरीत सोडलेला पोहरा, खाली पाणी असलं की तो भरूनच वर येतो. मातीचं सांगता सांगता भराव आला, भरावामागून बाभूळ आली, आणि मग तिच्या गळ्यातून देवलाचं नाव निघालं. एकदा निघाल्यावर ते तिच्या हातात राहिलं नाही. माझा देवला गेला गं नणंदे, माझी सावली सरकली, झोळी कोणी फिरवली नाही, माझी लेक तिथे नव्हती, माझी लेक शिरपुरात होती, मी एकटीने त्याला मातीत ठेवला. तिचा आवाज साऱ्या आवारात भरला. तिने बंद करायचा प्रयत्न केला नाही असं नाही. तोंडावर हात दाबला. हाताखालूनही तो येतच राहिला.

खिडकीशी वाशीमचे साहेब आले. कपाळाला आठ्या घालून त्यांनी विचारलं, "काय भानगड आहे? कोणी मेलं की काय?"

मारोतराव गुरुजी हसून म्हणाले, "नाही साहेब. लमाण बाया आहेत. भेटल्या की अशाच रडतात, रीत आहे त्यांची. मुलांनो, तिकडे लक्ष देऊ नका. लिहा."

देवमाणूस. बिचाऱ्याला आपल्या जाणतेपणाचा आनंदच झाला असेल. मुलांनी माना खाली घातल्या. जिजाने घातली, वाण्याच्या पोरांनी घातली. त्यांना काय त्याचं? ते नुसतं रडणं होतं. त्या आख्ख्या वर्गात ते गोरमाटी शब्द कळणारी एकच पोर होती.

धुरपताने डोळे उघडले तेव्हा सुंदर खिडकीतून तिच्याकडे पाहत होती. तिचा हात थांबला होता. ती उठली नाही, ओरडली नाही. उठायचं नाही असं गुरुजींनी शिकवलं होतं, आणि ती शहाणी पोर होती. जिजाने नंतर सांगितलं की सुंदरच्या टाकातून शाईचा थेंब कागदावर पडला आणि पसरत गेला. गुरुजींनी जवळ येऊन विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही." मराठी तिला चांगली येत होती, पण हे मराठीत कोणाला सांगायचं आणि कसं, ते तिला कोणी शिकवलं नव्हतं.

घंटा झाली. जिजा उड्या मारत बाहेर आली. "सुंदर, शेवटच्या गणिताचं काय आलं वो तुह्यं?" सुंदरने तिच्याकडे पाहिलंच नाही. ती सरळ आईपाशी आली.

"कोणीच फिरवली नाई का झोळी?"

धुरपताने तिला पोटाशी ओढलं. सुंदर लाकडासारखी उभी राहिली.

निकाल लागला. जिजा पास झाली, सुंदर नापास. गुरुजींना आश्चर्य वाटलं. "साहेबांना पाहून घाबरली असेल," ते म्हणाले. गावाला आश्चर्य वाटलं नाही. पारावर कोणीतरी म्हणालं, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" बाकीच्यांनी माना हलवल्या. ज्यांनी माना हलवल्या त्यांच्यापैकी कोणी नाला ओलांडून तांड्यावर कधी आलं नव्हतं. आवडाबाईने मात्र बाजारात धुरपताला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाली, "बापा, इतकं कायले मनाले लावून घेतं? तुमच्या लोकायले शायेची आवड नसते, त्याले कोण काय करन?" मायेनेच म्हणाली. धुरपताने पिशवी उचलली आणि वांगी न घेताच घरी आली.

शाळा उघडली तसे गुरुजी तिसऱ्यांदा तांड्यावर आले. धुरपताने त्यांना बाज टाकली आणि ह्या वेळी सगळं सांगितलं. मोडक्या मराठीत, अडखळत, पण सगळं. गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. खिडकीत आपण काय बोललो ते त्यांना आठवलं असणार. मग ते म्हणाले, "पोरीला पुन्हा पाठवा. मी स्वतः शिकवीन. ती पहिली येईल."

"पाठवतो," धुरपता म्हणाली. "सुंदर, उद्यापासून जाय."

सुंदर दाराशी ज्वारी पाखडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "मी नाई जात."

"काहून?"

सुंदरने सूप खाली ठेवलं. "मी शायेत बसली म्हणून देवला गेला, याडी."

गुरुजी बसले होते, मोतीबाई बसली होती. सगळे धुरपताकडे पाहू लागले. तिला माहीत होतं काय म्हणायचं ते. तो उन्हाने गेला, लखीरामच्या हुकमाने गेला, माझ्या थांबलेल्या पायांनी गेला, तुझा ह्यात काय दोष? तोंडाशी सगळं होतं. पण त्याच वेळी, न बोलावता, तिच्या डोळ्यांपुढे सुंदर आली, बाभळीखाली बसलेली, सावली सरकताच झोळी सोडायला उठलेली. सुंदर असती तर लेकरू वाचलं असतं. हे खरं होतं, आणि आईच्या तोंडावर ते क्षणभर दिसलं.

"नाई वो माय," ती म्हणाली. "तुह्यामुळं नाई."

एका श्वासाचा उशीर झाला. सुंदरने सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली.

गुरुजी उठून गेले. दिवाळीनंतर सुंदर आईबरोबर कामाला गेली, आणि पुढे लग्न होईपर्यंत जातच राहिली. माळ्याची जिजा वाशीमला शिकली आणि मास्तरीण झाली. धुरपता पुष्कळ जगली. माहेरपणाला आलेल्या लेकीला भाकर वाढताना, मध्येच काही आठवल्यासारखं ती म्हणायची, "सुंदर, तुह्यामुळं नाई झालं ते." आता त्यात उशीर नसायचा, ती अगदी भरभर म्हणायची. सुंदर म्हणायची, "हो, याडी," आणि पुढचा घास घ्यायची.